अठ्ठ्याऐंशी क्रेडिट आणि बायबलचे दोन पेपर

आमच्या नगरच्या शाळेच्या ग्रुपवर सध्या एकाच विषयावर भांडण चाललंय. एका वर्गमित्राच्या मुलीची बीएस्सीची दोन वर्षं झाली आणि आता तिला उरलेली डिग्री अमेरिकेत करायची आहे. त्याचा हिशेब असा: मुलीच्या खात्यात ८८ क्रेडिट (पास केलेल्या अभ्यासाचं मोजमाप) जमा आहेत, अमेरिकेत डिग्रीला १२० लागतात, राहिले ३२. एका वर्षात काम होईल. तिकडे क्रेडिट कुठूनही कुठेही नेता येतात, आपल्याकडचीच कॉलेजं आडमुठी. आणि जाता जाता, "तिकडे फक्त मेरिट चालतं, आपल्या ख्रिस्ती कॉलेजांसारखा कोटा नसतो." हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर आहे हे माहीत असताना लिहिलंय. मी नगरच्या मिशन कंपाउंडात वाढले. आणि गेली कित्येक वर्षं टेक्सासमधल्या एका बॅप्टिस्ट विद्यापीठात, रजिस्ट्रारच्या ऑफिसात, ट्रान्सफर क्रेडिटचंच, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आणलेले क्रेडिट तपासण्याचं, काम करते.

आधी हिशेब. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे सेमिस्टरला २२ क्रेडिट धरतात. दोन वर्षांचे ८८, तीन वर्षांचे १३२. इथे चार वर्षांची अख्खी डिग्री १२० ची. मित्राचं गणित खरं मानलं तर नगरची तीन वर्षांची बीएस्सी झालेली प्रत्येक मुलगी अमेरिकेची चार वर्षांची डिग्री खिशात घालून वर १२ क्रेडिट शिल्लक टाकते. तसं होत नाही. इथे पूर्णवेळ विद्यार्थी सेमिस्टरला साधारण १५ तास (इथे क्रेडिटलाच तास म्हणतात) घेतो, वर्षाला ३०. म्हणून बाहेरच्या देशातल्या पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला आम्ही फार तर ३० देतो. ८८ चे झाले ६०. तेही वरची मर्यादा म्हणून. हातात किती पडतात ते पुढे.

क्रेडिट कुठेही नेता येतात हा समज तर इथल्या मुलांचाही असतो, आणि त्यांचीही फसगत होते. अमेरिकी काँग्रेससाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या जीएओ या संस्थेने २०१७ साली अंदाज काढला होता की कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. देशातल्या देशात! टेक्सासच्या सरकारी कॉलेजांमध्ये ४२ तासांचा समान गाभा, म्हणजे सगळीकडे सारखाच धरला जाणारा पायाभूत अभ्यास आहे, कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात) केलेला १३०१ नंबरचा इंग्रजीचा कोर्स सरकारी विद्यापीठात तसाच्या तसा बसतो. पण खाजगी विद्यापीठाला ते बंधन नाही. आम्ही सी किंवा त्याच्या वरचा ग्रेड असेल तरच घेतो, आणि किमान ३० तास आमच्याकडेच करावे लागतात, कारण आमची मान्यता देणारी संस्था पाव डिग्री तरी स्वतः शिकवा म्हणते. आपल्याकडे २०२१ साली क्रेडिट बँकेची, म्हणजे विद्यार्थ्यांचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या सरकारी खात्याची, नियमावली आली, तिच्यात तर निम्मे क्रेडिट डिग्री देणाऱ्या संस्थेतच मिळवा असं लिहिलंय. म्हणजे आडमुठं कोण, हे मित्राने नियम वाचून ठरवावं.

पण माझा खरा राग या आकड्यांवर नाही. क्रेडिट खात्यात पडले की ते जिथे तिथे वटतील, मध्ये कुणी माणूस लागणार नाही, या कल्पनेवर आहे. माझ्या टेबलावर पुणे विद्यापीठाचं मार्कशीट येतं. रसायनशास्त्र, दोन क्रेडिट, अंतर्गत १५, विद्यापीठाची परीक्षा ३५. एवढ्यावरून मला काहीच कळत नाही. मी सिलॅबस मागवते, कॉलेजच्या शिक्क्याचा. तो घेऊन आमच्या केमिस्ट्रीच्या बाईंकडे जाते. त्या चष्मा कपाळावर सरकवून ओळ अन् ओळ वाचतात. मागच्या खेपेला त्यांनी एकच विचारलं, "टायट्रेशन या मुलाने स्वतः केलंय, की चार जणांत एक ब्युरेट होती?" मी त्या मुलाला मेल टाकला. त्याने प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या पानांचे फोटो पाठवले, सरांच्या लाल सहीसकट. बाईंनी ते पाहून तो कोर्स लॅबसह मंजूर केला. त्याच मुलाच्या बाकीच्या तीन पेपरांना नुसते इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून क्रेडिट मिळाले, मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, उपयोग शून्य. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात, कारण दोन्ही वेळेला कुणीतरी बसून वाचलं.

आपल्याकडे हे वाचायला कुणी ठेवलेलंच नाही. बँक आहे, आयडी आहे, पोर्टल आहे. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जायचं तर मात्र टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी, गॅप सर्टिफिकेट आणि खिडकीवरचा क्लार्क. क्लार्कचा दोष नाही. अभ्यासक्रम जुळतो की नाही हे ठरवणं विभागातल्या शिक्षकाचं काम, आणि ज्या विभागात निम्म्या जागा रिकाम्या, उरलेले तासिका तत्त्वावर, तिथे ते कोण करणार? ग्रुपवर या विषयावर कुणी चकार शब्द काढत नाही. भांडण कोट्यावर.

आता त्या कोट्याकडे. इकडे फक्त मेरिट असतं म्हणणाऱ्याने ख्रिस्ती विद्यापीठांचे प्रवेशाचे नियम एकदा उघडून बघावेत. युटामधलं मॉर्मन पंथाचं ब्रिगम यंग विद्यापीठ धर्मगुरूची शिफारस मागतं आणि पंथाबाहेरच्या विद्यार्थ्याला दुप्पट फी लावतं, ते वेबसाइटवर स्वच्छ लिहिलेलं आहे. वेकोच्या बेलर विद्यापीठात कुठल्याही धर्माचा विद्यार्थी येऊ शकतो, पण पदवीसाठी धर्माचे दोन कोर्स लागतात आणि साधारणपणे दोन सेमिस्टर चॅपल, म्हणजे सामुदायिक प्रार्थनासभा. आमच्याकडेही बायबलचे जुना करार आणि नवा करार असे दोन पेपर सगळ्यांना आहेत. साठ तास घेऊन आलेल्या ट्रान्सफर विद्यार्थ्यालाही. बाहेरून आणलेल्या तुलनात्मक धर्माच्या कोर्सने ते भागत नाहीत.

हे सांगितल्यावर ग्रुपवर लगेच आलं: ही तर धर्माची सक्ती. मला हे मान्य नाही. इथे विद्यार्थी अर्ज भरतानाच ते वाचून येतो, आणि नको असेल तर पलीकडे सरकारी विद्यापीठ आहे. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ अनुदानित संस्थेला संमतीशिवाय धार्मिक शिक्षण देऊ देत नाही, आणि नगरच्या ख्रिस्ती कॉलेजांनी ते पाळलंय. माझ्या बरोबरच्या शेकडो हिंदू-मुसलमान मुलामुलींनी तिथे डिग्र्या घेतल्या, बायबलचं एक पान न उलटता. उलट आज भारतीय ज्ञान प्रणालीचे दोन क्रेडिट त्याच कॉलेजांतल्या प्रत्येक मुलाला घ्यावे लागतात. घ्यावेत, माझी हरकत नाही. पण मग इकडच्या दोन पेपरांना सक्ती म्हणताना थोडं थांबावं.

राहिला पन्नास टक्क्यांचा प्रश्न. अल्पसंख्याक कॉलेजाने आपल्या समाजासाठी फार तर निम्म्या जागा राखाव्यात, ही मर्यादा १९९२ च्या सेंट स्टीफन्स निकालात सर्वोच्च न्यायालयाने घातली होती, उरलेल्या जागा इतरांना मिळाव्यात म्हणून. मित्राने ती नेहमी उलटी वाचलीय.

आणि इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल, कारण त्याशिवाय हे लिहिणं खोटं पडेल. मला कॉलेजात प्रवेश मिळाला तो मायनॉरिटी यादीतूनच. सर्वसाधारण यादीत माझं नाव आलं नसतं. हॉस्टेलच्या पहिल्याच रात्री रूममेटने विचारलं, "कोट्यातली का?" ती वाईट मुलगी नव्हती, पुढे माझी जिवलग झाली. पण पुढची तीन वर्षं मी प्रत्येक परीक्षा त्या प्रश्नाला उत्तर द्यायला दिली, आणि इतकी वर्षं परमुलखात राहूनही ते उत्तर संपलेलं नाही. ग्रुपवरचं वाक्य वाचल्यावर पोटात जे कालवलं ते तेच.

वाटलं होतं, ख्रिस्ती विद्यापीठात नोकरी म्हणजे हा प्रश्न मागे पडेल. इथे दुसराच निघाला. चॅपलनंतर कुणीतरी प्रेमाने विचारतं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? मी सांगते, अमेरिकन मराठी मिशनचं नगरचं ठाणं १८३१ चं, तुमचं बेलर १८४५ चं. ते हसतात, छान म्हणतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात. गिटारवरची गाणी मलाही आवडतात. पण नारायण वामन टिळकांचे अभंग पेटीवर म्हणत मोठी झालेली बाई या सभागृहात पूर्ण मावत नाही, आणि ग्रुपवरच्या मित्राच्या लेखी ती मराठीतही पूर्ण मावत नाही. गावाकडे ख्रिस्ती म्हणून वेगळी, इथे भारतीय म्हणून. मला हे दुखतं, आणि म्हणूनच मेरिट या शब्दावर कुणी सहज बोट ठेवलं की मी फाईल काढून बसते.

तरी मित्राची मुलगी हुशार आहे, आणि तिने इकडे यावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिला मी वेगळा मेसेज केला. दोन्ही वर्षांचे सिलॅबस आत्ताच कॉलेजच्या शिक्क्यासह घे, नंतर कुणी देत नाही. प्रॅक्टिकलची जर्नलं रद्दीत देऊ नकोस. ६२ टक्क्यांनी खचू नकोस, आपल्याकडचे साठच्या वरचे मार्क इकडच्या मूल्यमापनात चांगले धरले जातात. घरी अडीच-तीन वर्षं धरूनच पैशांचा विचार करा, एक वर्ष नव्हे. आणि आमच्याकडे आलीस तर बायबलचे दोन पेपर द्यावेच लागतील. परीक्षा विश्वासाची नसते, वाचनाची असते, तू पास होशील.

तिने विचारलं, "मावशी, माझी फाईल तुम्हीच बघणार ना?" नाही. ओळखीच्या विद्यार्थ्याची फाईल दुसऱ्या टेबलावर द्यायची असा आमच्याकडे नियम आहे, आणि मी तो पाळणार आहे. तिचा सिलॅबस केमिस्ट्रीच्या त्याच बाई वाचतील.