'नवीन जागा शोधायच्याच कशाला?' या प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की निसर्ग पर्यटनासाठी एखादी नवीन जागा पुढे आणायची असेल तर आधी तिचा नीट अभ्यास व्हायला हवा, आणि त्या अभ्यासात आसपासच्या भागाला नक्की काय मिळणार हेही मोजलं गेलं पाहिजे. त्यावर तुमची चांगलीच तिखट कॉमेंट आली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की असा अभ्यास म्हणजे जागेची वाट लावायची पहिली पायरी, त्यापेक्षा ती कुणाला कळूच देऊ नका. दुसरं म्हणजे 'प्रादेशिक फायदा' ही कन्सल्टंट लोकांची आकडेमोड, गावाच्या हाती वेटर-ड्रायव्हरच्या नोकऱ्यांपलीकडे काही लागत नाही. आणि वर हा रिसर्च करवून घेतं कोण, तर ज्याला तिथे रिसॉर्ट बांधायचंय तोच! खाली दोन ओळींत उत्तर द्यायला बसले होते पण ते वाढतच गेलं, म्हणून वेगळं टाकतेय.

फायद्याचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचा राग बराचसा रास्त आहे, फक्त तुम्ही त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

बघा, पर्यटक ट्रिपवर शंभर रुपये खर्च करतो असं धरू. त्यातला अॅपचा कमिशनचा भाग तो घरातून निघायच्या आधीच गेलेला असतो. गाडी शहरातली, डिझेल वाटेत भरलेलं. हॉटेलचा मालक बाहेरचा, मॅनेजर बाहेरचा, खोलीतली गादी, नळ, एसी, चादर, सगळं बाहेरून आलेलं, किचनमधला किराणासुद्धा लांबच्या होलसेल मार्केटमधून कारण गावातला दुकानदार एवढा माल क्रेडिटवर देऊ शकत नाही. मग गावात उरतं काय, तर झाडलोट करणाऱ्यांचा पगार, गाइडची फी, थोडंफार दूध-भाजी. याला अभ्यासात लीकेज म्हणतात, म्हणजे सरळ गळती. आणि जे उरलं तेही दुसऱ्या फेरीत गळतं, कारण गाइड त्याच्या कमाईतून साबण घेतो, मोबाइल रिचार्ज करतो, मुलाची फी भरतो, आणि यातलं काहीच गावात तयार होत नाही. त्यामुळे तो जो मल्टिप्लायर म्हणतात ना, की पर्यटकाचा एक रुपया फिरून फिरून दोन-अडीच रुपयांचं काम करतो, तो छोट्या जागी फारच लहान निघतो. जिथे काही पिकतं-बनतं-दुरुस्त होतं तिथेच पैसा फिरतो.

मग रिपोर्टमध्ये ते दणदणीत आकडे येतात कुठून? बऱ्याचदा हद्दीतून. 'प्रदेश' म्हणजे काय हे ठरवणं रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या हातात असतं. प्रदेश म्हणजे अख्खं राज्य धरलं की शहरातला मालक, होलसेलवाला, गाडीवाला सगळे 'स्थानिक' होतात आणि गळती गायब! तीच हद्द पाच गावांपुरती आखा, आकडा झर्रकन खाली येतो. म्हणून असा कुठलाही रिपोर्ट हातात आला की मी पहिल्यांदा निष्कर्षाचं पान वाचत नाही, हद्द कुठे आखलीय ते शोधते, आणि मल्टिप्लायर राज्याचा उचलून गावाला चिकटवलाय का ते बघते. तो चिकटवलेला दिसला की पुढचं वाचायची फारशी गरज राहत नाही.

दुसरी गफलत सर्व्हेच्या प्रश्नात असते. जागेवर आलेल्या माणसाला नुसतं 'किती खर्च केला' विचारून भागत नाही, 'ही जागा नसती तर तुम्ही या भागात आलाच नसता का?' हे विचारावं लागतं. कारण काही लोक तिथलेच असतात, त्यांनी इथे खर्च नसता केला तर तालुक्याला जाऊन केला असता, म्हणजे भागासाठी नवीन पैसा शून्य. काहींना तसंही इकडे यायचंच होतं, फक्त तारीख बदलली. काही दुसऱ्याच कामाला आले होते, जाता जाता डोकावले. जॉन क्रॉम्प्टन नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी या शेवटच्या दोन प्रकारांना टाइम-स्विचर आणि कॅज्युअल म्हटलंय, आणि हिशोबातून वगळा असं बजावून सांगितलंय. शिवाय शेजारच्या दरीत जाणारेच इकडे वळले असतील तर तो फायदा नाही, नुसती पळवापळवी आहे, एकाच्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात. हे सगळं वजा केल्यावर जो आकडा राहतो तो खरा, आणि तो उद्घाटनाच्या भाषणात कुणी सांगत नाही.

तर तुम्ही म्हणता ती आकड्यांची जादू अशी होते. पण ती पकडली कुणी? मोजणाऱ्यांनीच ना! भारतातल्या दहा संरक्षित जंगलांचा कृती कारंथ आणि रूथ डीफ्रीज या संशोधकांनी केलेला अभ्यास 2011 मध्ये आला. पर्यटक झपाट्याने वाढतायत, हॉटेलं-रिसॉर्ट बहुतेक जंगलाच्या 5 किलोमीटरच्या आत उभी राहतायत, आणि 10 किलोमीटरच्या परिसरात राहणाऱ्या लोकसंख्येच्या मानाने थेट रोजगार मात्र नगण्य आहे, असं त्यात स्पष्ट निघालं. तुम्ही जे तळतळून लिहिलंय तेच, फक्त मोजून. आता हा अभ्यास पर्यटन सुरू व्हायच्या आधी प्रत्येक जागी झाला असता तर परमिटच्या अटी लिहितानाच काही करता आलं असतं, माझं म्हणणं एवढंच आहे.

रवांडाचं उदाहरण देते, तिथे अट आधीच घातलेली आहे. गोरिला बघायला एका कळपाकडे दिवसाला आठच पर्यटक, तेही एकच तास. पार्कच्या उत्पन्नातला ठरावीक वाटा आसपासच्या गावांना देण्याची पद्धत 2005 मध्ये सुरू झाली, 5 टक्के, आणि 2017 मध्ये परमिट 750 वरून एकदम 1500 डॉलर केलं तेव्हा हा वाटाही 10 टक्के झाला. म्हणजे मालक भला आहे की नाही यावर काही अवलंबून नाही, तिकिटातच हिशोब आहे. माउंटन गोरिलांची एकूण संख्या (शेजारच्या देशांतले धरून) 2018 पर्यंत हजाराच्या वर गेली. पण हेही गुळगुळीत चित्र नाही हं. वाट्याचा पैसा बराचसा शाळा, पाणी, रस्ता अशा सामायिक कामांना जातो, आणि रानरेडे येऊन पीक तुडवतात ते मात्र जंगलाला लागून शेत असलेल्या एकाच घराचं. गावाला फायदा आणि त्या घराला तोटा, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. सरासरी काढली की ते घर दिसेनासं होतं. म्हणून गावाची सरासरी सांगणाऱ्या अभ्यासावर माझा अर्धाच विश्वास, कुठल्या घराचं काय झालं ते सांगा.

आता तुमचा आवडता मुद्दा, जागा लपवून ठेवा. मला पण मनापासून वाटतं तसं, खोटं कशाला बोलू. पण जमत नाही हो ते. कॅलिफोर्नियात रेडवुड नॅशनल पार्कमध्ये हायपेरियन नावाचं झाड आहे, जवळजवळ 116 मीटर, जगातलं माहीत असलेलं सगळ्यात उंच. 2006 मध्ये सापडलं आणि जागा मुद्दाम जाहीर केली नाही. तिथे पायवाट नाही, पाटी नाही, काही नाही. तरी लोकांनी इंटरनेटवरून शोधून काढलंच, झुडपं तुडवत जाऊन स्वतःच वाट पाडली, बुंध्याजवळचे नेचे नाहीसे झाले, आणि शेवटी 2022 मध्ये पार्कने तो भाग बंद केला, गेलात तर 5000 डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. गुप्त ठेवल्यामुळे झालं काय, की पोचणारे पोचलेच, फक्त त्यांच्यासाठी लाकडी फळ्यांची वाट नव्हती आणि संडास नव्हता.

आइसलंडमध्ये फ्याद्रारग्ल्यूफुर नावाची दरी आहे (उच्चार नीट जमला तर मलाही कळवा). एका पॉप स्टारने 2015 मध्ये तिथे व्हिडिओ शूट केला आणि लोंढा सुरू झाला. तिथे कुणी रिसर्च केला नव्हता, कुणी रिसॉर्टवाल्याने प्लॅन आखला नव्हता, तरी 2019 मध्ये पायाखाली मेलेलं शेवाळ परत यावं म्हणून दरी बंद ठेवायची वेळ आली. त्या थंडीत शेवाळ वाढायला किती वर्षं लागतात विचार करा. त्यामुळे 'अभ्यास केला म्हणून लोक येतात' हे मला मान्य नाही. लोक रीलमुळे येतात, अभ्यास असो वा नसो.

बरं, इथे एक गोष्ट सांगते ज्यात मी तुमच्या बाजूची आहे आणि पर्यटन खात्यांच्या विरोधात. नवीन जागांचं समर्थन करताना सगळीकडे एक ठरलेलं वाक्य असतं, की जुन्या ठिकाणची गर्दी विभागली जाईल. ऐकायला छान, पण जमिनीच्या बाबतीत हिशोब उलटा आहे. तुडवल्याने होणाऱ्या नुकसानाचा अभ्यास डेव्हिड कोल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं केलाय, आणि त्यात परत परत हेच निघतं की सगळ्यात जास्त नुकसान सुरुवातीच्या थोड्या पावलांनी होतं. कोऱ्या गवतावरून पहिली काही माणसं गेली की ते आडवं, पुढची शेकडो गेली तरी त्याच वाटेवर फार जास्त काही बिघडत नाही कारण बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. मग हजार माणसं एका वाटेवरून दहा वाटांवर विभागली तर काय होईल? एका जागेचं नुकसान दहावर जाईल, आणि जुन्या वाटेला तेवढ्याने आराम पडेलच असंही नाही. म्हणून 'गर्दी विभागण्यासाठी' एवढंच कारण कुणी देत असेल तर ती जागा उघडू नये असंच माझं मत आहे. त्या भागातल्या लोकांना ती हवी आहे आणि जमीन सोसू शकते, या दोन्ही गोष्टी दिसल्या तरच पुढे.

आणि जमीन सोसू शकते का हे 'दिवसाला किती माणसं' या एका आकड्यावर ठरत नाही. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसवाल्यांनी 1985 मध्ये प्रश्नच बदलला, किती माणसं चालतील ऐवजी किती बदल चालेल असं विचारायला सांगितलं, त्याला लिमिट्स ऑफ अॅक्सेप्टेबल चेंज म्हणतात. म्हणजे वाटेची रुंदी इतकी झाली, झऱ्याचं पाणी इतकं गढूळ झालं, अमुक पक्ष्याची घरटी इतकी कमी झाली की थांबायचं, असं आधीच लिहून ठेवायचं. थायलंडमधल्या 'माया बे' या समुद्रकिनाऱ्याने हे पोळल्यावर शिकलं, दिवसाला हजारोंनी माणसं आणि बोटी, प्रवाळ मेलं, 2018 मध्ये बंद, थेट 2022 च्या जानेवारीत उघडलं, आता बोटी मागच्या बाजूला लावायच्या आणि दरवर्षी काही आठवडे पूर्ण सुट्टी. बंद असताना तिथे ब्लॅकटिप शार्क परत आले. उलट व्हिएतनामची सोन डूंग गुहा बघा, 2009 मध्ये ब्रिटिश गुहावाल्यांनी आधी आत जाऊन मोजमाप केलं, 2013 पासून पर्यटक, तेही वर्षाला साधारण हजारच, आणि सामान वाहायला आजूबाजूच्या गावातले पोर्टर. नेणारी कंपनी एकच आहे, ती भानगड वेगळी, त्यावर तुम्ही टीका केलीत तर मी मान्य करेन. पण मर्यादा आधी आली आणि माणसं नंतर, हे तर खरं.

राहिला रिसर्च करवून घेणाराच लबाड असतो हा मुद्दा. असतो की! मी दोन गोष्टींवरून ओळखते. पहिली, मोजणी कधी केलीय. सलग सुट्टीच्या वीकेंडला पार्किंगमध्ये उभं राहून गाड्या मोजल्या आणि 52 ने गुणलं की हवा तो आकडा मिळतो. निदान एक पूर्ण वर्ष, सगळे ऋतू, आणि कडक उन्हाळ्यात विहिरींची पातळी, एवढं नसेल तर तो अभ्यास नाही. सोशल मीडियावरच्या फोटोंवरून गर्दीचा अंदाज घेता येतो, 2013 मध्ये जगभरातल्या 836 ठिकाणांवर फ्लिकर या फोटो शेअर करायच्या साइटवरच्या फोटोंवरून तसं करून दाखवलंय, पण ते आधीच लोक जातात अशा जागांसाठी. जिथे अजून कुणी जातच नाही तिथे फोटो कुठून आणणार, तिथे विहिरीवरच जावं लागतं. दुसरी गोष्ट, रिपोर्टचं उत्तर 'नको' येऊ शकलं असतं का? मूळ कामाच्या कागदात तो पर्यायच नसेल तर पुढचं सगळं शोभेचं.

तुमच्या कॉमेंटमधलं एक वाक्य मात्र मला खरंच महत्त्वाचं वाटलं, की नुसता सर्व्हे आला तरी गावात कुजबुज सुरू होते. अगदी! मोजणारी माणसं दोनदा दिसली की जमिनीचे दलाल तिसऱ्या दिवशी हजर, आणि अभ्यास संपेपर्यंत मोक्याचे प्लॉट विकून झालेले असतात, मग रिपोर्ट कितीही प्रामाणिक असला तरी फायदा कुणाला हे आधीच ठरलेलं. यावर मला सुचणारा उपाय असा, की सर्व्हेच्या पहिल्याच दिवशी आसपासच्या जमिनी कुणाच्या नावावर आहेत त्याची नोंद काढून अभ्यासाला जोडायची, आणि दर वर्षी परत बघायची. नोकऱ्या किती मिळाल्या यापेक्षा या दोन याद्या शेजारी ठेवल्या की प्रादेशिक फायद्याचं खरं काय ते पटकन कळतं. यादी काढल्याने विक्री थांबत नाही हे मलाही कळतं. ती थांबवायची तर खरेदीवर काही वर्षं बंदी किंवा जमीन भाड्यानेच द्यायची अट लागेल, आणि ती घालायला गावाने स्वतः एकत्र बसायला लागेल, बाहेरच्या रिसर्चरने नाही.

पैसे कुणी द्यायचे असंही तुम्ही विचारलंय. अँड्र्यू बामफर्ड हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये अंदाज मांडला होता, जगातल्या संरक्षित क्षेत्रांना वर्षाला साधारण 8 अब्ज भेटी होतात, त्यातून त्या त्या देशांत थेट खर्च सुमारे 600 अब्ज डॉलर, आणि या जागा राखण्यावर होणारा खर्च 10 अब्जांपेक्षाही कमी. पैसे नाहीत असं कुणी म्हणालं की मी हे तीन आकडे पुढे करते. अभ्यासाचा खर्च सरकारने पर्यटन कराच्या पैशातून द्यावा आणि काम देताना रिसॉर्टवाल्याला टेबलापासून लांब ठेवावं, एवढं तर आजही करता येतं.

तुमचा यावर आक्षेप असेलच, टाका खाली, वाचते.