पक्षी खरा, पत्ता खोटा: हेस्टिंग्जच्या पक्ष्यांवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(सहीच्या जागी तुम्ही 'सत्तरी ओलांडलेला पक्षीवेडा' लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. राग नसावा.)

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ससेक्स परगण्यातल्या दुर्मीळ पक्ष्यांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हेस्टिंग्ज परिसरातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी मी यादीतून गाळल्या, पक्ष्यांत पेंढा भरणाऱ्या एका साध्या दुकानदाराला सरळ 'लबाड' म्हटलं, आणि तेही निव्वळ आकडेमोडीच्या भरवशावर. शेवटी तुमचा टोला: 'जाणकारांनी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं आणि कागदावरचं गणित खरं, हा न्याय आम्हाला मान्य नाही.'

आधी माझी चूक. 'लबाड' हा शब्द वापरायला नको होता. तो दुकानदार, जॉर्ज ब्रिस्टो, १९४७ साली वारला आणि त्याच्या दुकानातून आलेल्या पक्ष्यांवर जाहीर शंका घेतली गेली ती १९६२ साली. बिचाऱ्याला उत्तर द्यायची संधीच मिळाली नाही. जेम्स हॅरिसन यांनी १९६८ साली त्याची बाजू मांडणारं अख्खं पुस्तक लिहिलं, तेही मी लेखात सांगितलं नव्हतं. तो शब्द आज काढला आहे आणि पुस्तकाचा उल्लेख घातला आहे.

पक्षी मात्र परत यादीत घालणार नाही. का, ते लेखात मी दोन ओळींत उरकलं होतं. तुमचा राग बहुधा तिथूनच सुरू झाला.

त्या काळचा बाजार आधी डोळ्यांसमोर आणा. दुर्बिणी कमी, बंदुका भरपूर. श्रीमंत हौशी लोक काचेच्या पेट्यांत पेंढा भरलेले पक्षी जमवायचे आणि त्यांना हवा असायचा तो ब्रिटनच्या भूमीवर मारलेला पक्षी. आल्प्समध्ये मारलेल्या स्नोफिंचला (उंच डोंगरांतला चिमणीसारखा पक्षी) फारसं कोणी विचारायचं नाही. तोच पक्षी 'ससेक्समध्ये मारला' असं म्हणताच किंमत कुठल्या कुठे जायची. म्हणजे पैसे पक्ष्याला कमी आणि पत्त्याला जास्त. ब्रिस्टोचं दुकान हेस्टिंग्जला लागून असलेल्या सेंट लिओनार्ड्सला होतं. १८९२ ते १९३० या काळात त्या टापूतून एकामागून एक असे पक्षी निघत गेले की इंग्लंडातल्या दुसऱ्या कुठल्याही किनाऱ्याने हेवा करावा.

आता तुमचे 'जाणकार'. त्यांच्या प्रामाणिकपणावर मीही बोट ठेवत नाही. त्यांनी ताजे, अजून न सोललेले पक्षी हातात घेऊन पाहिले आणि ओळख अचूक पटवली. पण काका, त्यांनी पाहिलं काय? दुकानातला मेलेला पक्षी. स्नोफिंच हा स्नोफिंचच होता, याबद्दल वादच नाही. वाद आहे तो मेला कुठे याचा, आणि ते पक्षी हातात घेऊन कळत नाही. ताजा आहे म्हणजे जवळचाच असणार, एवढाच त्यांचा आधार होता. बर्फात घालून बोटीने आणलेला पक्षीही ताजा दिसतो, ही शंका नंतर आली.

म्हणूनच गणित लागलं. ऑगस्ट १९६२ च्या 'ब्रिटिश बर्ड्स' मासिकात मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीस यांनी या नोंदींची चिरफाड केली आणि त्याच अंकात जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाने आकडे तपासले. त्याची रीत साधी होती. हेस्टिंग्जचा टापू एका बाजूला, उरलेलं ससेक्स आणि शेजारचं केंट दुसऱ्या बाजूला. १८९५ ते १९२४ हा एक काळ, १९२५ ते १९५४ हा दुसरा. वारा हद्द बघून वाहत नाही, तेव्हा भरकटलेले पक्षी आजूबाजूलाही पडायला हवेत. शिवाय दुसऱ्या काळात निरीक्षक वाढले, दुर्बिणी सुधारल्या, म्हणजे दुर्मीळ पक्षी जास्त दिसायला हवेत. हेस्टिंग्जमध्ये नेमकं उलटं झालं. अतिदुर्मीळ पक्ष्यांचा पूर आला तो पहिल्या काळात, तोही याच टापूत, आणि नंतर ओसरला. एकाच टपरीवर तीस वर्षं लॉटरीचं पहिलं बक्षीस लागत राहावं आणि टपरी बंद होताच थांबावं, तसं. अमुक तिकीट खोटं होतं हे यावरून सिद्ध होत नाही, ही तुमची हरकत बरोबर आहे. त्या ढिगात काही खरे पक्षी नक्की असणार. पण खरे कुठले, हे आता सांगता येत नाही, म्हणून सगळाच ढीग बाजूला ठेवला. ब्रिटिश यादीतून २९ जाती-उपजाती गेल्या.

तुम्ही लिहिलंत की त्यातले बरेच पक्षी पुढे ब्रिटनमध्ये सापडलेच, मग जुने लोक बरोबरच होते. सापडले, खरंय. सेटीज वॉर्ब्लर हा चिमुकला वटवट्या तर आज हेस्टिंग्जच्या पूर्वेला पेट लेव्हलच्या लव्हाळ्यांत कानठळ्या बसतील असा ओरडतो, दिसत मात्र नाही. मध्य आशियाच्या गवताळ माळांवरचा काळा चंडोल २००३ साली वेल्समधल्या अँगलसी बेटावर आला. पण आज पाऊस पडला म्हणजे काल पडला होता असं होत नाही ना? आणि स्नोफिंच अजून ब्रिटिश यादीत नाही.

पत्ता खोटा असला की काय होतं, याचं उदाहरण आपल्या खानदेशातच आहे. वनपिंगळा या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर १९१४ साली गुजरातेत मारल्याची चिठ्ठी असलेला एक वनपिंगळा कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेनच्या संग्रहात होता. पामेला रासमुसेन या पक्षीशास्त्रज्ञ बाईंनी तो तपासला, तेव्हा उलगडलं की हा जेम्स डेव्हिडसनने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला नमुना आहे, संग्रहालयातून लांबवून नव्याने शिवलेला आणि नवी चिठ्ठी डकवलेला. इथेही पक्षी खरा, पत्ता खोटा. रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांनी ती नोंद फेकून दिली, जुन्या खऱ्या नमुन्यांची ठिकाणं धुंडाळली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना जिवंत वनपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी! खोटी नोंद यादीत तशीच राहिली असती तर शोध कुठे भरकटला असता, याचा विचार करा.

आणि ही कसोटी फक्त मेलेल्यांना लावतात असं समजू नका. २०१७ च्या जून महिन्यात ससेक्समध्येच, पॅगम हार्बरला, एलिगंट टर्न हा अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा सुरय आला. दुर्बिणी घेऊन झुंबड उडाली, फोटोंचा पाऊस पडला. तरी हा संकर तर नाही ना, असा प्रश्न उरलाच. सुदैवाने त्याच्या पायात फ्रान्समध्ये घातलेली रंगीत वळी होती आणि तिथे त्याची डीएनए तपासणी झालेली होती. तेव्हा कुठे तो पक्का झाला.

माझंही सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी बीची हेडच्या कड्यावर ऑक्टोबरात मला पॅलिड हॅरिअर या शिकारी पक्ष्याचं पिल्लू-पिसांतलं पाखरू दिसलं. वीसेक सेकंद. सोलापूरकडच्या माळांवर हिवाळ्यात मी हा पक्षी इतक्यांदा पाहिलाय की मानेवरचा फिकट पट्टा दिसताच नाव तोंडात आलं. फोटो नाही, सोबत कोणी नाही. नोंदी तपासणाऱ्यांकडे दोन पानी वर्णन लिहून पाठवलं. उत्तर आलं: 'सिद्ध होत नाही.' आठवडाभर धुसफुसत होतो. बायको म्हणाली, 'तुला खोटारडा म्हणाले का? नाही ना?' माझ्या वहीत तो हॅरिअर आहे. ससेक्सच्या यादीत नाही.

जाता जाता तुमच्या एका ओळीने हसू आलं. 'भोरडी काय दुर्मीळ? आमच्या ज्वारीवर हजारांनी पडतात!' अगदी. इथे इंग्लंडात एक भोरडी कोणाच्या परसात उतरली की गल्ली भरते. यजमान चहा करून दमतात.

तुम्ही मे महिन्यात मुलीकडे क्रॉलीला येणार म्हणताय. पहिल्याच आठवड्यात जमवा. आग्नेयेचा वारा सुटला की ससेक्सच्याच किनाऱ्यावर, सीफर्डच्या स्प्लॅश पॉइंटवरून पॉमरीन स्कुआ हे समुद्रपक्षी इंग्लिश खाडीने पूर्वेकडे जातात, शेपटीला पिळलेल्या चमच्यासारखी पिसं लावून. कधी सहा तास बसून एकही नाही, कधी दहा मिनिटांत आठ-नऊ. पहाटे पाचला निघावं लागेल. थर्मास माझ्याकडे, दुर्बीण तुमची आणा. नोंद पाठवायची झाली तर सहीला दोघं असलेलं बरं.