पखवाज येईल, पण शिकणार कोण?

२०२५च्या गणेशोत्सवाआधी राज्य सरकारने १८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजारांचं अनुदान जाहीर केलं आणि आमच्या सिंधुदुर्गातल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, ही मतांसाठी वाटलेली खिरापत. दुसऱ्याचं म्हणणं, डीजेवर लाखो उडतात तेव्हा कुणाची जीभ हलत नाही, मग भजन गाणाऱ्या बुवाला नवा पखवाज मिळाला तर पोटात का दुखतं? माझं मत दुसऱ्या तटाच्या बाजूने आहे. १८०० मंडळांचे मिळून साडेचार कोटी होतात. राज्याच्या हिशेबात ही रक्कम काहीच नाही. पण पखवाज आल्यावर तो शिकायला कोण बसणार, आणि कुणाला बसू देणार, याबद्दल दोन्ही तट गप्प आहेत.

हा प्रश्न मला सुचला तो इथल्या गाण्यामुळे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये, मिशिगन सरोवराच्या काठच्या आमच्या गावात एक बार्बरशॉप कोरस आहे. बार्बरशॉप म्हणजे वाद्यांशिवाय चार आवाजांत गायचं गाणं. लीड चाल धरतो, टेनर त्याच्या वर हलक्या आवाजात जातो, बास तळ सांभाळतो आणि उरलेले सूर बॅरिटोनच्या वाट्याला येतात. बॅरिटोनची ओळ एकटी ऐकली तर गाणं कुठलं तेही कळत नाही. म्हणून त्याच्यावर भरपूर विनोद होतात आणि ते सगळ्यात जास्त बॅरिटोनच सांगतात. चारही सूर अचूक जुळले की कुणीच न गायलेला पाचवा, वरचा स्वर कानात घुमायला लागतो. हे लोक त्या स्वराच्या मागे आयुष्यभर लागलेले असतात.

कोरसमध्ये निवृत्त पोस्टमन आहेत, शाळामास्तर आहेत, एक दंतवैद्य आहे. आठवड्यातून एकदा चर्चच्या तळघरात तालीम. सरकारी पैसा शून्य. वर्गणी, वर्षातून एक तिकिटाचा कार्यक्रम आणि व्हॅलेंटाइनच्या दिवशीची कमाई यावर सगळं चालतं. त्या दिवशी कोरसमधले क्वार्टेट, म्हणजे चौघांचे गट, सूटबूट घालून गावभर फिरतात. कुणाच्या ऑफिसात, कुणाच्या वर्गात, कधी इस्पितळात जाऊन दोन गाणी म्हणायची, गुलाब हातात द्यायचा आणि पुढच्या पत्त्याकडे गाडी पळवायची. गणपतीत आमच्या वाडीतलं मंडळ असंच घरोघर फिरतं, फरक एवढाच की तिथे उसळ-पाव खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत आणि इथे कुणी पाणीही विचारत नाही.

बाकी वर्षभर वृद्धाश्रम, वाचनालय, मेमोरियल डेचा समारंभ, बेसबॉलच्या सामन्याआधीचं राष्ट्रगीत. वृद्धाश्रमात अख्खा कोरस मावत नाही, तेव्हा क्वार्टेट जातं. एकजण खिशातून गोल पिचपाइप काढतो, हळूच एक सूर फुंकतो, चौघं तो मनात घोळवतात आणि सुरू. ना पेटी, ना माइक, ना साउंडवाल्याची वाट बघणं. खोलीच्या टोकाला खुर्चीत पेंगणारी आजी दुसऱ्या कडव्याला ओठ हलवायला लागते. गाणी तिच्या तरुणपणाच्याही आधीची असतात.

मला जास्त आवडते ती तालीम संपल्यानंतरची वेळ. नवा माणूस आला असेल तर त्याला कोपऱ्यात घेऊन एक टॅग शिकवतात. टॅग म्हणजे गाण्याच्या शेवटच्या दोन-चार ओळी. कागद नाही. शिकवणारा एकेक ओळ म्हणतो, नव्याने ती मागून म्हणायची, पाठ झाली की उरलेले तिघे आपापला सूर लावतात. पाच-दहा मिनिटांत तो माणूस, काल परका होता तो, त्या पाचव्या स्वराच्या आत उभा असतो. पुढच्या आठवड्यात तो परत येतोच असं नाही, पण पुष्कळदा येतो.

एवढं वाचून कुणी म्हणेल, बघा, अमेरिकेत कसं सगळं लोकांच्या हिमतीवर! थांबा. या गाण्याची संस्था १९३८ साली ओक्लाहोमातल्या टल्सामध्ये ओवेन कॅश नावाच्या करवकिलाने आणि रूपर्ट हॉलने सुरू केली. अध्यक्ष रूझवेल्टच्या काळातल्या सरकारी खात्यांच्या लांबलचक नावांची टिंगल म्हणून त्यांनी संस्थेलाही तसंच लांबलचक नाव दिलं, त्यात ‘जतन’ आणि ‘उत्तेजन’ हे दोन्ही शब्द होते. पुढे अनेक वर्षं तिचं मुख्यालय आमच्याच भागात, केनोशाला होतं. पण हे गाणं जतन करायला निघालेल्यांनी ते ज्यांच्याकडून आलं त्यांनाच बाहेर ठेवलं. चार आवाजांत असं गाणं काळ्या वस्त्यांमध्ये आधीपासून होतं. जॅझचा प्रसिद्ध वादक लुई आर्मस्ट्राँग लहानपणी न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर असंच गायचा. १९४१ साली न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनवरच्या काळ्या हमालांच्या क्वार्टेटला राष्ट्रीय स्पर्धेत उभं राहू दिलं नाही. न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर अल स्मिथ आणि तिथले उद्यानप्रमुख रॉबर्ट मोझेस यांनी त्यावरून संस्था सोडली, तरी बंदी उठायला १९६३ उजाडलं. संशोधक लिन ॲबट यांनी या गाण्याचं काळं मूळ पुराव्यानिशी मांडलं ते १९९२मध्ये. बायकांनी १९४५ सालीच स्वतःची वेगळी संस्था काढली होती. मूळ संस्थेने त्यांना पूर्ण सभासद करून घेतलं २०१८मध्ये. त्यानंतरही प्रत्येक शाखेने आपापलं ठरवायचं. आमच्या शाखेने घ्यायचं ठरवलं म्हणून मी आज टेनर गाते.

तोवर या तालमीतली डोकी पांढरी झाली होती. दार आधी उघडलं असतं तर एवढी झाली नसती, असं माझं मत आहे. आमच्या दंतवैद्याला ते मान्य नाही. त्याच्या मते टीव्हीने घात केला.

आता वाडीत येऊ. माझ्या लहानपणी मंडळात फक्त पुरुष. रूपाच्या अभंगापासून गजरापर्यंत सगळं आम्हा मुलींना तोंडपाठ, कारण पडवीत भजन चालायचं तेव्हा आत चहा उकळत आम्हीच असायचो. बुवाने एखादं कडवं गाळलं तर आतून आधी कळायचं. पखवाजाला हात लावायची मात्र सोय नव्हती. आता कोकणात महिला भजनी मंडळं आहेत, उत्तम गातात, डबलबारीला, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्याला, बायका बुवा म्हणून उभ्या राहतात आणि त्यांना गर्दी होते. पण आमच्या वाडीतलं जुनं मंडळ होतं तसंच आहे. पोरं मुंबईला गेली, टाळकरी चतुर्थीपुरते येतात आणि पखवाजाला उसना माणूस शेजारच्या वाडीतून आणतात. त्याच वाडीत दहावी-बारावीच्या मुली आहेत, तालाला पक्क्या.

म्हणून ग्रुपवर मी लिहिलं की अनुदान जरूर द्या, फक्त अर्जात एक रकाना वाढवा: गेल्या वर्षात नवीन कोण शिकलं? मुलगी असो, खालच्या वाडीतला पोरगा असो, नाव लिहा. एकही नाव नसेल तर पैसे पखवाजाला देण्याआधी शिकवणाऱ्याच्या मानधनाला द्या. नाहीतर नवा पखवाज खोळ घालून कपाटावर जाईल.

चुलतभावाचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘ताई, थयसून बोलूक काय जाता तुझा?’ म्हणजे, तिथून बोलायला तुझं काय जातं? तो स्वतः मंडळात पेटी वाजवतो, दिवसभर दुकान सांभाळून रात्री तालमीला बसतो, त्यामुळे त्याला असं बोलायचा हक्क आहे. मी विचारलं, तुझी धाकटी येते का तालमीला? त्यावर त्याने अंगठा पाठवला. तो होकार होता की विषय संपवणं, ते मी चतुर्थीला गेले की वहिनीला विचारीन.