‘अनलिमिटेड टोइंग’ म्हणजे वाट्टेल तिथे नव्हे

मोटारहोमवाल्यांमध्ये, म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी बाळगणाऱ्यांमध्ये, एक मेसेज सारखा फिरतोय: ‘रोडसाइड असिस्टन्सचा अनलिमिटेड प्लॅन घ्या. गाडी कितीही मोठी असो, कुठेही बंद पडो, हव्या त्या गॅरेजला फुकटात नेऊन देतात. टायर, डिझेल, हॉटेल सगळं त्यातच.’ रोडसाइड असिस्टन्स म्हणजे गाडी वाटेत बंद पडली की मदत पाठवणारी, गरज पडल्यास ती ओढून नेणारी सेवा. पण या मेसेजमधलं जवळपास प्रत्येक वाक्य अर्धवट आहे. भरवसा ठेवणाऱ्याला ते कळतं हायवेच्या कडेला, कुटुंब गाडीत असताना. म्हणून हा मेसेज नुसता सोडून द्यावासा वाटत नाही.

‘कितीही मोठी असो.’ साधे प्लॅन कार डोळ्यांपुढे ठेवून बनवलेले असतात. अनेकांत वजन आणि लांबीची कमाल मर्यादा असते, कधी उंचीचीही. युरोपात ३.५ टनांची मर्यादा बऱ्याच प्लॅनमध्ये भेटते. मोठी डिझेल मोटारहोम मात्र १० टनांच्या सहज पुढे जाते. धरतात तेही बहुधा गाडीवर लावलेल्या माहितीच्या पाटीवरचं कमाल वजन, रिकाम्या गाडीचं नव्हे. ती पाटी अनेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असते. प्लॅन घेण्याआधी तिचा फोटो काढून ठेवा.

‘हव्या त्या गॅरेजला.’ सगळ्यात मोठी गफलत इथे आहे. ‘अनलिमिटेड’ हा शब्द किलोमीटरला लागू होतो, ठिकाणाला नाही. अटींमध्ये बहुतेकदा ‘जवळचं सक्षम सर्व्हिस सेंटर’ असं लिहिलेलं असतं आणि सक्षम कोण हे कंपनी ठरवते. तुमचा नेहमीचा मेकॅनिक त्याच्या पुढे असेल, तर वरच्या अंतराचे पैसे तुमच्या खिशातून. उलट ज्या प्लॅनमध्ये किलोमीटर मोजून दिलेत पण गॅरेज तुम्ही निवडू शकता, तो कित्येकांना जास्त उपयोगी पडेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘फुकटात नेऊन देतात.’ फ्लॅटबेड म्हणजे बंद गाडी पाठीवर घेऊन जाणारा सपाट ट्रक. त्याचा पाट जमिनीपासून साधारण एक मीटर वर असतो. त्यावर तीन-साडेतीन मीटर उंच मोटारहोम चढवली की एकूण उंची चार मीटरच्या वर जाते, आणि पुलाखालून जाणं धोक्याचं होतं. म्हणून मोठ्या गाडीला अवजड रेकर, म्हणजे गाडी उचलून ओढणारा ट्रक, लागतो, पुढचा एक्सल उचलून टोचन करावं लागतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधी प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सोडवतात. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा ऑइल पंप फिरत नाही आणि तशीच ओढली तर गिअरबॉक्स जळतो. या कामाची मजुरी काही प्लॅन देतात, काही देत नाहीत. खोलीचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड-आउट, बाहेर अडकला असेल तर तो आत घेतल्याशिवाय गाडी हलवताच येत नाही, आणि ती दुरुस्ती सहसा प्लॅनबाहेर. फ्रिज, जनरेटर, छतावरचा एसी यांचंही तेच: ती घराची बाजू, गाडीची नव्हे.

‘कुठेही बंद पडो.’ अटींमध्ये बहुधा देखभालीतला, नियमित वापराचा रस्ता अपेक्षित असतो. कॅम्पिंगच्या मऊ गवतात किंवा वाळूत चाकं रुतली, तर रस्त्याच्या कडेपासून ठरावीक अंतरापर्यंतच विंच (तारेने गाडी खेचून काढणारं यंत्र) लावतात. दुसरी गाडी किंवा जादा माणूस लागला तर वेगळं बिल.

टायर आणि डिझेल चटकन सांगतो. टायर बदलून देतात, तुमच्याकडे स्टेपनी असेल तर. अनेक मोटारहोममध्ये ती नसतेच. डिझेल आणून देतात, पण डिझेलचे पैसे बऱ्याचदा तुमचेच.

हॉटेलचा खर्च काही प्लॅनमध्ये फक्त अपघात झाल्यावर, किंवा घरापासून ठरावीक अंतरापलीकडे गाडी बंद पडल्यावर मिळतो, तोही आधी स्वतः भरून पावत्या दिल्यावर. त्याला कमाल रक्कमही असते.

आणखी एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच: मागे जोडलेली कार किंवा ट्रेलर. रेकर एका खेपेत दोन्ही नेईलच असं नाही. दुसऱ्या वाहनाची खेप त्याच कॉलमध्ये धरतात की वर्षाच्या ठरलेल्या कॉलपैकी आणखी एक खर्ची पडतो, हे पैसे भरण्याआधी ईमेलवर विचारा आणि उत्तर गाडीतल्या कागदपत्रांसोबत ठेवा.