सी वर्ग म्हणजे अडगळ नव्हे

भाचा स्टोअर सांभाळू लागून जेमतेम तीन महिने झालेत. काल त्याने गोदामातल्या मालाच्या एबीसी वर्गवारीवर एक फॉरवर्ड पाठवला: 'गोदामातला २० टक्के मालच महत्त्वाचा. महाग तो ए, मधला बी, स्वस्त तो सी. सीकडे बघूच नका. एकदा यादी केली की कायमची कटकट मिटली.' खाली याची पुस्ती: 'मामा, सीची मोजणी बंद करतोय.' आता गप्प कसं बसायचं?

'महाग तो ए' हे साफ चूक. वर्ग ठरतो वर्षभराच्या वापरमूल्यावर, म्हणजे नगाची किंमत गुणिले वर्षाचा खप. ४०,०००ची मोटर वर्षाला एकच लागली तर ४०,०००. २०चा बोल्ट १०,००० नग लागला तर २,००,०००. वरच्या वर्गाच्या जवळ बोल्ट आहे, मोटर नाही. जनरल इलेक्ट्रिकमधल्या एच. फोर्ड डिकी यांनी १९५१ साली ही पद्धत लेखातून मांडली, तेव्हापासून हिशेब पैशाच्या उलाढालीचाच आहे.

आणि 'सीकडे बघूच नका'! हे लिहिणाऱ्याने कधी बंद मशीनसमोर उभं राहून बघावं. ऑइल सील, म्हणजे मशीनमधलं तेल गळू न देणारं कडं, कवडीमोलाचं, बसतं सी वर्गात. ते संपलं की अख्खी लाइन ठप्प. एबीसी फक्त पैसा कुठे जातो ते सांगते, काम कशावाचून अडेल ते नाही. त्यासाठी व्हीईडी वर्गवारी आहे: व्हायटल (ज्यावाचून काम थांबतं), इसेन्शियल (गरजेचं), डिझायरेबल (असलं तर बरं). रुग्णालयांच्या औषधसाठ्यात दोन्ही चाळण्या एकत्र लावतात आणि जे सी असूनही व्हायटल ठरतं, ते थेट सर्वात वरच्या गटात जातं. बरं, साध्या सी मालाचं तरी काय? स्वस्त आहे म्हणून तो सढळ हाताने भरून ठेवायचा. दोन डबे करा. पहिला रिकामा झाला की ऑर्डर, तोवर दुसरा वापरा. मोजणी कमी चालेल. बंद नाही.

२० टक्क्यांचं म्हणाल तर अर्धं खरं, मान्य. थोड्या वस्तूंत बराच पैसा असतो. पण ८०-२०, म्हणजे २० टक्के वस्तूंत ८० टक्के पैसा, हा अंदाज आहे, कायदा नव्हे. कुठे १५ टक्क्यांत ७० असतील, कुठे आणखी काही. आपलाच खप उतरत्या क्रमाने लावून बघायला एक दुपार पुरते.

'कायमची यादी' तर सोडाच. खप बदलतो, नव्या वस्तूला मागचा खपच नसतो. वर्षातून एकदा तरी यादी नव्याने लावायची.

तेव्हा भाचेबुवा, उद्या गेल्या गेल्या ऑइल सीलचा खण उघड आणि किती उरलीत ते मला कळव.