कापडी पॅड वाटणाऱ्यांस चार हिताच्या गोष्टी

खानदेशातल्या गरजू मुलींसाठी आपल्या हातून काही चांगले घडावे असे आपल्याला वाटू लागले असेल, आणि त्यासाठी धुऊन पुन्हा वापरता येणारे कापडी पॅड वाटण्याचे आपण मनाशी ठरवले असेल, तर सर्वप्रथम फ्लेक्स छापायला टाकावा. पॅड मागाहूनही मिळतात. फ्लेक्सवाला मात्र लग्नसराईत आठ-आठ दिवस हाती लागत नाही. फ्लेक्सवर प्रमुख पाहुण्यांचे छायाचित्र मोठे, आयोजकांचे मध्यम आणि इंटरनेटवरून उतरवलेली एखादी हसरी मुलगी कोपऱ्यात असावी. ‘मासिक पाळी’ हे शब्द शक्यतो टाळावेत. ‘किशोरी सन्मान सोहळा’ असे लिहिले म्हणजे पाहुण्यांना भाषण करताना अवघडल्यासारखे होत नाही, आणि ज्यांचा सन्मान होणार आहे त्या मुलींनाही आपल्याला इथे कशासाठी बसवले आहे याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाही.

तारखेचा प्रश्न जगाने आधीच सोडवून ठेवला आहे. पाळीचे चक्र सरासरी 28 दिवसांचे आणि पाळी साधारण पाच दिवसांची, म्हणून पाचव्या महिन्याची 28 तारीख हा दिवस 2014 पासून जगभर मासिक पाळी स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. हा हिशेब मांडणाऱ्यांनी जळगाव-भुसावळचा मे महिना पाहिलेला नसावा. त्या दिवसांत पारा 44-45 अंशांवर असतो, शाळांना सुट्टी असते, आश्रमशाळांच्या फाटकांना कुलपे असतात आणि मुली आपापल्या पाड्यांवर पांगलेल्या असतात. आपण डगमगू नये. तालुक्याच्या गावी कूलर असलेले सभागृह घ्यावे आणि जवळच्या शिकवणी वर्गातल्या मुली आणून बसवाव्यात. त्यांच्याकडे पॅड आधीपासूनच असल्यामुळे त्या लाजत नाहीत, आणि छायाचित्रेही छान येतात.

आता प्रत्यक्ष पॅडकडे वळू. एका मुलीला किती पॅड द्यावेत, याविषयी या कामातली माणसे सहा ते आठ असा आकडा सांगतात, कारण पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा असतो आणि धुतलेला पॅड पूर्ण कोरडा होईपर्यंत दुसरे हाताशी असावे लागतात. हा हिशेब मुलींच्या सोयीचा आहे, आपल्या नव्हे. सहाशे पॅड शंभर मुलींना दिले तर लाभार्थी शंभरच होतात. तेच प्रत्येकी दोन दिले तर लाभार्थी एकदम तीनशे होतात आणि बातमीला वजन येते. एक अंगावर आणि एक दोरीवर, असे सुटसुटीत गणित भाषणात सांगता येते. दुपारी पहिला भिजला आणि सकाळचा दुसरा अजून ओला आहे, अशा वेळी काय करायचे, हा प्रश्न कार्यक्रमानंतरचा आहे.

पॅडला दोन्ही बाजूंना पंख असतात, ते चड्डीखाली घेऊन टिचबटणाने जोडायचे असतात. याचा अर्थ चड्डी हवी, आणि तीही इलॅस्टिक सैल न पडलेली. इलॅस्टिक गेलेली चड्डी सेफ्टीपिन लावून वापरणाऱ्या मुलीच्या अंगावर तो पॅड वर्गातून हापशापर्यंत जाईतो आपल्या जागी राहत नाही. तरीही पाकिटात चड्ड्या घालण्याच्या भानगडीत आपण पडू नये. त्यासाठी मापे घ्यावी लागतात, आणि मुख्य म्हणजे हा शब्द व्यासपीठावरून उच्चारता येत नाही.

पॅडच्या शिवणीचेही फार मनावर घेऊ नये. अंगाला लागणारा थर मऊ सुती फ्लॅनेलचा, आत टॉवेलसारख्या शोषक कापडाच्या घड्या आणि तळाशी ओल न झिरपू देणारा थर, अशी त्याची साधारण रचना असते. भारतीय मानक ब्युरोने अशा पुन्हा वापरायच्या पॅडसाठी 2021 मध्ये आयएस 17514 हे स्वतंत्र मानकही केले आहे. आपण मात्र ज्याचा दर सर्वांत कमी आहे त्यालाच काम द्यावे. त्याने आत काय घातले आहे हे पाहण्यासाठी पॅड उसवून पाहणे हे दानशूर माणसाला शोभत नाही.

भाषणात कापसाचा उल्लेख आवर्जून करावा. खानदेशची काळी जमीन, पांढरे सोने, वगैरे. ते सोने वेचायला दिवाळीच्या आगेमागे आईबरोबर जाणाऱ्या मुली समोरच्या सतरंजीवर बसलेल्या असतात, त्यांनाही ऐकायला बरे वाटेल. त्यांनी वेचलेला कापूस जिनिंगला जातो, गठाणी बांधून ट्रकमधून बाहेरगावी जातो, आणि घरी उरते ती सुरतेहून आलेली आईची जुनी पॉलिस्टरची साडी. आजीच्या सुती लुगड्याची चिंधी निदान ओल शोषून घेत असे. पॉलिस्टरची चिंधी काही शोषत नाही, नुसती घासते आणि मांडीला चट्टे पाडते. ही गोष्ट भाषणात सांगू नये, कारण पाहुण्यांचे साडीचे दुकान असण्याची शक्यता असते.

कापडावरून आठवले. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 24 वयाच्या सुमारे निम्म्या तरुणींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणाच्या आरोग्यदायी साधनांच्या यादीत दुकानातले नॅपकिन आहेत, गावात बनवलेले नॅपकिन आहेत, टॅम्पॉन आहेत, पाळीचे कपही आहेत. कापड मात्र नाही. तेव्हा त्याच कापडाच्या घड्या घालून बटण लावणे हे केवढे पुण्याचे काम आहे, हे आपल्या ध्यानात येईल. ते कापड कुठल्या पाण्यात धुतले जाते आणि कुठे वाळते, याचा रकाना त्या यादीत नसल्यामुळे आपल्या अहवालातही तो असण्याचे कारण नाही.

सरकारी योजनांची माहिती भाषणात दोन वाक्यांत उरकावी. 2018 च्या महिला दिनी राज्याने अस्मिता योजना सुरू केली आणि जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट 5 रुपयांत देऊ केले. त्याच वर्षी जुलैमध्ये नॅपकिनवरचा 12 टक्के वस्तू व सेवा कर गेला. या दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात. वापरलेले प्लॅस्टिकचे पॅड मग शाळेमागच्या नाल्यात पडतात आणि तिथे वर्षानुवर्षे कुजत नाहीत, म्हणून तर आपण कापडी पॅड आणले आहेत, हे तिसरे वाक्य जोडले की आपला कार्यक्रम पर्यावरणाच्या निधीतूनही करता येतो.

धुण्याविषयी सूचना देण्याचे काम उत्साही वक्त्याकडे सोपवावे. रक्त गरम पाण्याने कापडात घट्ट बसते आणि डाग जाता जात नाही, म्हणून पॅड आधी गार पाण्यात भिजवून मग साध्या साबणाने धुवायचा असतो. उत्साही वक्ता हमखास ‘उकळून घ्या’ असे सांगतो, म्हणजे डागही पक्का होतो आणि तळाचा थरही जातो. पाकिटातली माहितीपत्रिका पुण्याहून छापून आणावी. ‘सौम्य अपमार्जकाने प्रक्षालन करावे’ हे वाक्य घरी पावरी किंवा अहिराणी बोलणाऱ्या सहावीतल्या मुलीला समजले नाही, तरी तिचे मराठी सुधारते.

हे सारे मी अनुभवाने सांगतो आहे. काही वर्षांपूर्वी साक्री तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत आम्ही शंभर पाकिटे घेऊन गेलो होतो. नारळ फुटला, भाषणे झाली, मुलींनी पाकिटे छातीशी धरून फोटो काढून घेतला. आम्ही चहा घेत असताना स्वयंपाकाच्या मावशींनी एक पाकीट उघडले, पॅड हातात घेऊन उलटसुलट केला, टिचबटण दोनदा लावून-काढून पाहिले आणि मला विचारले, “भाऊ, हाई समदं ठीक शे, पन धोईसन वाळाले टाकानं कथा?”

मी म्हणालो, “उन्हात, मावशी. उन्हासारखे जंतुनाशक दुसरे नाही.”

मावशींनी काही न बोलता मला मागच्या बाजूला नेले. तिथे न्हाणीघरे चार होती, त्यांपैकी एकाच्या दाराला आतून कडी होती. दुसऱ्या दाराबाहेर एक मुलगी ओढणीचे टोक हाताला गुंडाळून दार ओढून धरून उभी होती, कारण आत तिची मैत्रीण होती. टाकीच्या तोटीला पाणी नव्हते आणि हापसा समोरच्या मैदानात, मुलांच्या वसतिगृहाला लागून होता. कपड्यांची दोरी होती, तिच्यावर गणवेश वाळत होते. एका जागी परकरावर परकर असे तीन थर होते, आणि सर्वांत खालच्या परकराखालून कापडाचे ओले टोक बोटभर बाहेर आले होते. आम्हाला पाहून एका मुलीने ते घाईघाईने आत सारले. पावसाळ्यात तेवढीही जागा नसते, असे मावशी म्हणाल्या. मग ते ओलेच कापड घडी करून लोखंडी पेटीत, पुस्तकांखाली जाते.

खानदेशात उन्हाचा तुटवडा आहे असे कोणी म्हणणार नाही. त्याच उन्हात आपल्याकडे घराच्या धाब्यावर धोतर अंथरून उडदाचे पापड आणि कुरडया वाळवतात, आणि कावळा शिवू नये म्हणून काठी घेऊन पोरीला राखणीला बसवतात. तीच पोरगी चार दिवस बाहेर बसली की घरात सांगतात, हिला कावळा शिवला. मग कुरडया उघड्यावर आणि तिचे कापड परकराखाली, अशी उन्हाची रीतसर वाटणी होते. त्या वाटणीत आपण ढवळाढवळ करू नये. दहा हात नायलॉनची दोरी, आडोशाला एक ताडपत्री, तीन कड्या आणि दोन बादल्या यांना आमच्या फ्लेक्सपेक्षा कमी पैसे लागले असते. पण कडीचे उद्घाटन करायला पाहुणे येत नाहीत, आणि बादलीवर देणगीदाराचे नाव घातले तरी ते लवकर पुसले जाते.

ओल्या पॅडमुळे कोणाला खाज सुटली, बुरशी झाली, तर पॅडला दोष देऊन मोकळे व्हावे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या रंगाचे वाटावेत.

आम्ही दुसऱ्या वर्षी पाठपुराव्यासाठी त्याच शाळेत गेलो होतो. पॅडसोबत दिलेल्या नाडीच्या पिशव्यांमध्ये मुलींनी कंपास आणि पेन्सिली ठेवल्या होत्या. स्वयंपाकघरात मावशी भाताचे मोठे पातेले चुलीवरून उतरवत होत्या, आणि दोन्ही हातांत चटका लागू नये म्हणून आमचा एकेक पॅड होता, पंख बोटांभोवती घेऊन टिचबटणाने नीट लावलेला. अहवालात ‘पुनर्वापर’ असा एक रकाना होता. त्यात मी ‘होय’ असे लिहिले.