सात रस्त्याच्या कट्ट्यावर म्हैस विरुद्ध मोबाईल

प्रश्या पुण्याहून वर्क फ्रॉम होमवर आला की अर्धं इंग्लिशच फेकतो. काल आल्या आल्या सुरू, पोरगी प्राण्यांच्या डॉक्टरची गेम खेळते, कुत्र्याला बँडेज करते, सशाला गाजर देते, ‘एम्पथी डेव्हलप होते यार’.

मल्लूचा गोठा आहे हे याला माहीत असून बोलतो म्हणजे कमाल. मल्लू म्हणला, “म्हशीला भूक लागल्यावर गेमसारखी डोक्यावर लाल पट्टी येते का बे? रवंथ थांबलाय का बघावं लागतं, नाक कोरडं पडलंय का हात लावून बघावं लागतं, आणि हात नवा असला की पान्हाच सोडत नाही ती, मग रेडकू लावा, अर्धा तास बसा. तुझ्या पोरीचा ससा टॅप केलं की बरा!”

“लर्निंग आहे ते, एज्युकेशनल!”

“मधीच जाहिरात येते ते पण एज्युकेशनल काय?”

श्रीनूचं मोबाईल रिपेरिंगचं दुकान, त्याला असलं सगळं पाठ. म्हणे १९९६ ला जपानात बांडाय कंपनीनं तामागोची नावाचं खेळणं काढलं, चावीच्या रिंगएवढं, लक्ष नाही दिलं तर स्क्रीनवरचं पिल्लू खरंच मरायचं, पोरं शाळेत घेऊन जायची म्हणून शाळांनी बंदी घातली. मग २००५ ला निन्टेंडोनं कुत्र्यांची गेम काढली, त्यात उपाशी ठेवलं तरी कुत्रं मरत नाही. मला तर ते मरणारंच जास्त प्रामाणिक वाटलं, पण मला कोण विचारतंय.

“मग काय फ्लॅटमध्ये म्हैस बांधू?” प्रश्या तापला.

“बांध की. सोसायटीची मीटिंग तरी वेळेवर होईल.”

इथं थांबला असता तर वाचला असता. पण प्रश्या म्हणला, मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे. झालं! मल्लूनं लगेच सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या त्या गुलाबी रंगाच्या कोंबडीच्या पिल्लाचा विषय काढला, रंग जातोय का बघायला यानं भर जानेवारीत त्याला शॅम्पू लावून आंघोळ घातली होती.

“आठवीत होतो बे मी!”

“पिल्लू कितवीत होतं?”

श्रीनूला असला ठसका लागला की सगळा चहा प्रश्याच्या पांढऱ्या शर्टावर, आणि मग कोणी शॅम्पू आणा म्हणतंय, कोणी आंघोळ घाला म्हणतंय, टपरीवाला पण सामील.